साधं, पॉवर आणि एथिलवाले मिजली
धायरी फाट्याजवळच्या पंपावर पोरगा विचारतो, साधं टाकू की पॉवर? मी साधंच सांगतो. माझ्या स्कूटरला 91 ऑक्टेन पुरतं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली आपोआप न पेटण्याचा पेट्रोलचा गुण.

अमेरिकेत या दोघांना रेग्युलर आणि प्रीमियम म्हणतात. तिथले जुने लोक मात्र भारी पेट्रोलला एथिल म्हणायचे. ते नाव आलं थॉमस मिजली यांच्या शोधातून.

मिजली 1889 चे, कॉर्नेलचे मेकॅनिकल इंजिनिअर. जनरल मोटर्ससाठी काम करताना इंजिनची टकटक थांबवायला त्यांनी पेट्रोलमध्ये काय काय घालून पाहिलं! टेल्युरियमचा तर लसणासारखा वास अंगाला चिकटायचा. डिसेंबर 1921 मध्ये टेट्राएथिल लेड लागू पडलं. 1923 पासून ते एथिल म्हणून विकलं गेलं. नावात शिशाचा पत्ताच नाही.

शिशाची बाधा खुद्द मिजलींना झाली होती. 1924 मध्ये न्यू जर्सीतले कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही पत्रकारांसमोर त्यांनी तेच द्रव्य हातावर ओतलं, मिनिटभर हुंगून दाखवलं. हुशारीबद्दल वाद नाही, पण हे मला माफ करवत नाही.

पुढे पोलिओने पाय गेले. अंथरुणातून उठायला स्वतःच बनवलेल्या दोऱ्यांत गळा आवळून ते 1944 मध्ये वारले.

आपल्याकडे शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं फेब्रुवारी 2000 मध्ये. त्याआधी बाबांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून सिंहगड रोडचा तो धूर मी रोज ओढलाय.