मैदानावरचे गुरुजी : लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी



शाळेच्या क्रिकेट संघाची यादी फलकावर लागली की दरवर्षी काही पालक आम्हाला भेटायला येतात. मुलाचे नाव यादीत नाही, तो दोन दिवस नीट जेवला नाही, असे सांगतात. या वर्षीही आले. त्यांच्याशी बोलताना आम्हाला हेमू अधिकारी यांची आठवण झाली. म्हणून या अंकात त्यांचा जीवनपरिचय देत आहोत.

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. वयाच्या सतराव्या वर्षी ते गुजरातकडून रणजी करंडक स्पर्धेत खेळले. पुढे बडोद्याकडून खेळले. परंतु दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि कसोटी सामने बंद पडले. ते फौजेत अधिकारी झाले. १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिला कसोटी सामना खेळले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. फौजेच्या कर्तव्यामुळे पुढेही अनेक संधी हुकल्या. एकूण २१ कसोटी सामने आणि ८७२ धावा, एवढाच त्यांचा हिशेब. शतक एकच, १९४८ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद ११४.

मात्र अडचणीच्या वेळी ते उभे राहत. १९५२ मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध त्यांनी नाबाद ८१ धावा केल्या आणि गोलंदाज गुलाम अहमद यांना सोबत घेऊन शेवटच्या जोडीने १०९ धावा जोडल्या. भारतासाठी हा विक्रम २००४ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे टिकला. १९५८-५९ च्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत भारताने पाच सामन्यांत चार कर्णधार बदलले. चौथे कर्णधार होते अधिकारी, वय एकोणचाळीस. दिल्लीच्या त्या सामन्यात त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, तीन गडी बाद केले आणि सामना अनिर्णित राखला. तोच त्यांचा शेवटचा कसोटी सामना.

त्यांचे खरे नाव झाले ते क्षेत्ररक्षणात. कव्हरच्या जागेवर ते उभे असले की फलंदाज एकेरी धाव घेतानाही विचार करीत. त्या काळी आपल्याकडे क्षेत्ररक्षण दुय्यम मानले जाई. अधिकारी यांनी ते मन लावून केले आणि निवृत्तीनंतर तेच इतरांना शिकवले.

१९७१ मध्ये अजित वाडेकर यांचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा अधिकारी व्यवस्थापक होते. फौजी शिस्त, व्यायाम आणि झेल पकडण्याचा सराव यांवर त्यांचा भर असे. आपले बळ फिरकी गोलंदाजीत होते, आणि फलंदाजाजवळचे झेल पकडले तरच फिरकीला बळी मिळतात. त्या संघात मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर होता. ओव्हलच्या सामन्यात त्याने ॲलन नॉट यांचा झेल झेप घेऊन पकडला. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ धावांत संपला आणि २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिल्यांदाच मालिका जिंकली.

१९७४ मध्ये तेच व्यवस्थापक आणि तेच कर्णधार पुन्हा इंग्लंडला गेले. तीनही सामने हरलो. लॉर्ड्सवर संपूर्ण संघ ४२ धावांत बाद झाला. आपल्या प्रदेशातील इंदूरला १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून भला मोठा बल्ला उभारला होता. तीन वर्षांपूर्वी ज्याचे कौतुक झाले, तो बल्ला लोकांनी रागाच्या भरात विद्रूप केला. पालकहो, मुलांच्या निकालाच्या दिवशी आपणही कधी कधी असेच वागतो का, हे आपण सर्वांनी, आम्ही शिक्षकांनीसुद्धा, स्वतःला विचारायला हवे.

अधिकारी यांनी शिकवणे सोडले नाही. सुनील गावसकर, करसन घावरी, कपिल देव, रवी शास्त्री यांना उमेदीच्या काळात त्यांचे मार्गदर्शन लाभले. पांढुर्णा-सौसरच्या बागाईतदारांना हे सांगायला नको. संत्र्याचे कलम लावले की फळासाठी चार-पाच वर्षे वाट पाहावी लागते, आणि तोवर पाणी घालावेच लागते. त्यांनी घडवलेल्या खेळाडूंनी त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त धावा केल्या. गुरूला याहून मोठा आनंद कोणता?

२५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, यादीत नाव नाही म्हणून मैदान सोडू नका. यंदा आम्ही ठरवले आहे की, पाचवी-सहावीच्या मुलांना झेल आणि चेंडूफेक शिकवण्याचे काम वरच्या वर्गातील निवड न झालेल्या मुलांना द्यायचे. इच्छुकांनी क्रीडा शिक्षकांकडे नाव नोंदवावे. दुसऱ्याला शिकवता शिकवता आपलाही हात पक्का होतो.

हेमू अधिकारी यांच्या स्मृतीस शाळा परिवाराचे विनम्र अभिवादन.

– प्राचार्य