क्रीडाशिक्षक एडविन हेंडरसन

कोणत्याही शाळेचा इतिहास लिहावयास घेतला की संस्थापक, मुख्याध्यापक, देणगीदार आणि गुणवत्ता यादीत झळकलेले विद्यार्थी यांची नावे आपसूक पुढे येतात. गळ्यात शिट्टी अडकवून भल्या पहाटे मैदानावर उभा राहणारा शिक्षक मात्र त्या इतिहासात बहुधा एखाद्या सामूहिक छायाचित्राच्या कडेलाच सापडतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने अशाच एका शिक्षकाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते आपल्या देशातील नाहीत. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत त्यांनी पन्नास वर्षे शारीरिक शिक्षण दिले, आणि त्या पन्नास वर्षांत शाळेचे मैदान हेही हक्काच्या लढ्याचे ठिकाण असते हे दाखवून दिले. त्यांचे नाव एडविन बॅन्क्रॉफ्ट हेंडरसन.

हेंडरसन यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८८३ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. वडील मजुरी करीत. अक्षरओळख आईने करून दिली. शाळा संसद भवनापासून जवळ होती, त्यामुळे हा मुलगा मोकळ्या वेळात संसदेच्या प्रेक्षागारात बसून चर्चा ऐके आणि काँग्रेसच्या ग्रंथालयात पुस्तके वाची. तो बारा वर्षांचा असताना, १८९६ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी स्वतंत्र पण समान सोयी ठेवणे घटनेला धरून आहे, असा निर्णय दिला. यातील स्वतंत्र हा शब्द काटेकोरपणे पाळला गेला, समान हा शब्द कागदावर राहिला. हेंडरसन यांचे जवळजवळ सारे कार्यरत आयुष्य या एका निर्णयाच्या सावलीत गेले.

त्यांचे माध्यमिक शिक्षण एम स्ट्रीट हायस्कूलमध्ये झाले. १८७० साली सुरू झालेली ही संस्था अमेरिकेतील कृष्णवर्णीयांसाठीची पहिली सार्वजनिक माध्यमिक शाळा होय. इतरत्र दारे बंद असल्यामुळे मोठमोठ्या विद्यापीठांचे पदवीधर तेथे शिक्षक म्हणून येत, आणि त्यामुळे शाळेचा दर्जा फार उंच होता. हेंडरसन तेथे बेसबॉल, फुटबॉल खेळले, धावण्याच्या शर्यतींतही उतरले. १९०२ साली ते शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १९०४ साली त्यांनी शिक्षक प्रशिक्षण पूर्ण केले. तेथे शारीरिक शिक्षण शिकविणाऱ्या अनिता टर्नर यांनी त्यांना एक वाट दाखविली. हार्वर्ड विद्यापीठात डडली सार्जंट हे शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग चालवीत. त्या वर्गांना हेंडरसन १९०४ साली गेले, आणि पुढेही उन्हाळ्याच्या सुट्ट्या खर्ची घालून जात राहिले. अमेरिकेच्या सार्वजनिक शाळांत शारीरिक शिक्षण देण्यास रीतसर पात्र ठरलेले ते पहिले कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक मानले जातात.

हार्वर्डहून त्यांनी प्रमाणपत्राबरोबर आणखी एक गोष्ट आणली. ती म्हणजे बास्केटबॉल. १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात छताखाली खेळता यावा म्हणून हा खेळ शोधून काढला होता. अवघ्या तेरा वर्षांचा खेळ तो. वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत त्याची कुणाला ओळख नव्हती. सुरुवातीला धसमुसळ्या फुटबॉलची सवय असलेल्या मुलांना तो नाजूक वाटे आणि ती नाके मुरडीत. शाळांना व्यायामशाळा नव्हत्या, मैदाने अपुरी होती. एका चेंडूवर साठ मुले खेळविण्याचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांना या अडचणीचे वेगळे वर्णन करून सांगावयास नको.

तरीही हेंडरसन यांनी हाच खेळ धरून ठेवला, त्यामागे त्यांचा हिशेब होता. शहरातील दाटीवाटीच्या वस्त्यांत क्षयाने आणि न्यूमोनियाने कृष्णवर्णीय माणसे मोठ्या संख्येने मरत होती. हिवाळ्यात मुलांच्या अंगाला व्यायाम नसे. थोड्या जागेत, थोड्या साहित्यात खेळता येणारा खेळ त्यांना हवा होता. दुसरे असे की, चांगला खेळाडू उत्तरेकडील मोठ्या महाविद्यालयांत प्रवेश मिळवू शकेल आणि तेथे अभ्यासातही टिकेल, हे त्यांनी ओळखले होते. आणि तिसरी गोष्ट त्यांच्या साऱ्या लेखनात पुन्हा पुन्हा येते. वंशाने कनिष्ठ ठरविलेला माणूस घड्याळाच्या काट्यासमोर आणि मोजपट्टीसमोर उभा राहतो, तेव्हा पूर्वग्रहाला बोलावयास फारशी जागा उरत नाही, असा त्यांचा विश्वास होता. या विश्वासाला मर्यादा होत्या, असे आम्हांस वाटते. मैदानावर टाळ्या वाजविणारा प्रेक्षक घरी जाऊन शेजारचे घर काळ्या माणसाला विकू देत नाही, हे पुढे खुद्द हेंडरसन यांनाच अनुभवावे लागले.

१९०६ साली त्यांनी काही सहकारी शिक्षकांसमवेत कृष्णवर्णीय शाळा-महाविद्यालयांची आंतरशालेय क्रीडा संघटना स्थापन केली आणि ३० मे रोजी हॉवर्ड विद्यापीठाच्या मैदानावर तिची पहिली मैदानी स्पर्धा भरविली. दुसऱ्या वर्षी एक प्रसंग घडला. १९०७ साली एका सोबत्यासह ते शहरातील गोऱ्यांच्या वायएमसीएमध्ये बास्केटबॉलचा सामना पाहावयास गेले. खेळावयास नव्हे, नुसते पाहावयास. त्यांना बाहेर जाण्यास सांगण्यात आले. हार्वर्डमध्ये तोच खेळ शिकून आलेल्या शिक्षकाला आपल्याच शहरात तो दुरून पाहण्याचीही मुभा नव्हती.

त्या दारापासून परतलेल्या हेंडरसन यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. यू स्ट्रीटवर ट्रू रिफॉर्मर्स या कृष्णवर्णीय संस्थेचे सभागृह होते, कृष्णवर्णीय वास्तुविशारद जॉन लँकफर्ड यांनी बांधलेले. तेथे त्यांनी शनिवारच्या संध्याकाळी सामने सुरू केले, संघ जमविले, पंच तयार केले. अँथनी बोवेन या पूर्वी गुलामगिरीत असलेल्या गृहस्थांनी १८५३ साली वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र वायएमसीए काढली होती. तिच्या ट्वेल्फ्थ स्ट्रीटवरील नव्या इमारतीचे काम अद्याप पूर्ण व्हावयाचे असताना हेंडरसन यांनी तिचा संघ बांधला आणि ते स्वतः त्यात खेळले. १९०९-१० च्या हंगामात हा संघ एकही सामना न हरता कृष्णवर्णीय संघांचा विजेता ठरला. पुढील वर्षी याच संघातील खेळाडू हॉवर्ड विद्यापीठाच्या संघाचा कणा बनले.

ऐन भरात असताना हेंडरसन यांनी खेळणे सोडले. २४ डिसेंबर १९१० रोजी शिक्षिका मेरी एलन मेरिवेदर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर ते खेळाडू राहिले नाहीत, शिक्षक आणि संघटक मात्र आयुष्यभर राहिले. त्याच वर्षी त्यांनी वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय शाळांसाठी क्रीडा लीग उभी केली, आणि विल्यम जॉइनर यांच्यासह क्रीडा संघटनेच्या वार्षिक पुस्तिकांचे संपादन सुरू केले. स्पॉल्डिंग या क्रीडासाहित्याच्या कंपनीच्या मालिकेत १९१० ते १९१३ या काळात त्या प्रसिद्ध झाल्या. कोणत्या शाळेचा संघ कोणाशी खेळला, निकाल काय लागला, याच्या नोंदी आणि संघांची छायाचित्रे त्यांत आहेत. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस या पुस्तिकांचे मोल पदकांपेक्षा अधिक वाटते. ज्यांच्या पराक्रमाची बातमी मोठी वृत्तपत्रे छापीत नव्हती, त्या मुलांची नावे आज मिळतात ती या पुस्तिकांत. शालेय स्मरणिकांना जे हसतात, त्यांनी याचा विचार करावा.

विवाहानंतर हे दांपत्य व्हर्जिनिया राज्यातील फॉल्स चर्च या लहान गावी राहावयास गेले. हेंडरसन शाळेसाठी वॉशिंग्टनला ये-जा करीत. १९१५ साली गावाच्या परिषदेने एक ठराव केला : कृष्णवर्णीयांनी गावाच्या एका ठरावीक कोपऱ्यातच घरे घ्यावीत. आपल्या वाचकांना या ठरावाची भाषांतरित प्रत देण्याची गरज नाही. गावकुसाबाहेरचा भूगोल आपण जाणतो. हेंडरसन आणि त्यांचे शेजारी जोसेफ टिनर यांनी लोकांना एकत्र करून संघटना उभी केली, ठरावाला कायदेशीर आव्हान दिले. १९१७ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका शहराच्या खटल्यात असे ठराव घटनाबाह्य ठरविले, आणि फॉल्स चर्चच्या ठरावाची अंमलबजावणी झाली नाही. १९१८ साली याच संघटनेतून कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या राष्ट्रीय संस्थेची पहिली ग्रामीण शाखा निर्माण झाली. मेरी एलन यांनी गावातील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत अनेक वर्षे शिकविले. गोऱ्या मुलांवर आणि काळ्या मुलांवर होणाऱ्या खर्चातील तफावत त्यांनी आकड्यांनिशी मांडली, आणि त्यातून पुढे नवी शाळा उभी राहिली. हेंडरसन यांचे चरित्र लिहिताना या बाईंना दोन ओळींत आटोपणे योग्य नव्हे, पण त्यांच्यासाठी वेगळा लेखच हवा.

विसाच्या दशकाच्या मध्यापासून हेंडरसन वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय शाळांच्या शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख झाले. नोकरी सांभाळून त्यांनी हॉवर्ड विद्यापीठाची पदवी आणि कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतली. कोलंबिया हे नाव वाचून आपल्या वाचकांचे मन क्षणभर थबकेल. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तेथे होते. हेंडरसन त्यांच्या बऱ्याच नंतर गेले. दोघांत विद्यापीठापलीकडे दुवा नाही, आणि तो ओढूनताणून जोडण्याचा आमचा विचारही नाही. रक्त साठविण्याच्या शास्त्रात मोलाची भर घालणारे डॉ. चार्ल्स ड्रू हे याच शाळांतून घडले. एम स्ट्रीटची परंपरा पुढे चालविणाऱ्या डनबार हायस्कूलचे ते नामवंत खेळाडू होते.

१९३९ साली इतिहासकार कार्टर वूडसन यांच्या सूचनेवरून हेंडरसन यांनी ‘द नीग्रो इन स्पोर्ट्स’ हा ग्रंथ लिहिला. कृष्णवर्णीय खेळाडूंचा हा पहिला सविस्तर इतिहास. शिवाय ते वृत्तपत्रांना पत्रे लिहीत. संपादकांना लिहिलेली त्यांची तीन हजारांहून अधिक पत्रे छापून आली, असे सांगतात. दिवसभर मुलांना पळवून घरी आल्यावर माणूस टेबलाशी बसून पत्रे लिहितो, आणि हे वर्षानुवर्षे चालते. या चिकाटीपुढे आम्ही नतमस्तक आहोत. चाळीसच्या दशकात राजधानीतील यूलाइन अरीना या बंदिस्त क्रीडागाराने कृष्णवर्णीय प्रेक्षकांना सरसकट प्रवेश द्यावा म्हणून त्यांनी निदर्शने घडविली. १९४८ साली ती बंदी उठली. सामना पाहावयास गेले असता बाहेर काढला गेलेला तरुण तेव्हा चौसष्ट वर्षांचा झाला होता.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून हे चरित्र लिहिता येणार नाही. वेगळ्या शाळा, वेगळी लीग, वेगळे पंच, वेगळा विभाग हे सारे इतक्या निगुतीने उभारणारा माणूस त्या वेगळेपणालाच बळ देत नव्हता काय? त्यांच्या हयातीतही हा आक्षेप कृष्णवर्णीय समाजातील संस्थांवर घेतला जात असे. आमच्या मते, हेंडरसन यांनी कृतीने दिलेले उत्तर असे की, आज वर्गात बसलेल्या मुलाला उद्याच्या न्यायासाठी ताटकळत ठेवता येत नाही. त्याला आज चेंडू हवा, आज मैदान हवे. म्हणून दिवसा ते वेगळी शाळा उत्तम चालवीत आणि रात्री तिच्या वेगळेपणाविरुद्ध लिहीत. मात्र या उत्तराची किंमतही होती. १७ मे १९५४ रोजी बोलिंग विरुद्ध शार्प या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टनच्या शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. हेंडरसन त्याच वर्षी निवृत्त झाले. ज्या स्वतंत्र व्यवस्थेला त्यांनी आयुष्य दिले, तीच आता संपणार होती, आणि ती संपावी यासाठी तेही झटले होते. पुढच्या काळात डनबारसारख्या शाळेचा जुना लौकिक ओसरला. हे नुकसान खरे आहे. न्याय मिळाला म्हणून ते नाकारण्याचे कारण नाही.

निवृत्तीने त्यांना विसावा दिला नाही. १९५५ ते १९५८ या काळात ते एनएएसीपीच्या व्हर्जिनिया राज्य शाखेचे अध्यक्ष होते. एकत्र शाळांना तेथील राज्यकर्त्यांचा इतका विरोध होता की १९५८ साली काही गावांतील शाळा चक्क बंद करण्यात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या या शिक्षकाच्या घरी धमक्या येत. ते गाव सोडून गेले नाहीत.

१९६५ साली पतिपत्नी अलाबामातील टस्कीगी येथे मुलाकडे राहावयास गेले. तेथे असताना १९६८ साली त्यांचे कृष्णवर्णीय खेळाडूंवरील आणखी एक पुस्तक प्रसिद्ध झाले. ३ फेब्रुवारी १९७७ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

स्प्रिंगफील्ड येथे नेस्मिथ यांच्या नावाने बास्केटबॉलचे कीर्तिदालन आहे. त्यात हेंडरसन यांचे नाव यावे म्हणून त्यांचा नातू अनेक वर्षे कागदपत्रे घेऊन पाठपुरावा करीत राहिला. त्या कागदपत्रांत आजोबांनीच संपादित केलेल्या जुन्या शालेय पुस्तिकाही होत्या. २०१३ साली ते नाव तेथे लागले.