ज्यूलिओ नात्ता

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या आमच्या परिसरात ज्याच्या घरी प्लॅस्टिकचा डबा, खुर्ची किंवा विणलेली पांढरी गोणी नाही असा गृहस्थ मिळणे कठीण. यांतील पुष्कळ वस्तू पॉलिप्रॉपिलीन नामक द्रव्याच्या असतात. त्या द्रव्यास उपयुक्त रूप देणाऱ्या थोर इटालियन रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

ज्यूलिओ नात्ता यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९०३ रोजी हल्लीच्या इंपेरिया या समुद्रकाठच्या गावी झाला. वयाच्या एकविसाव्या वर्षी ते मिलान येथे रासायनिक अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. स्फटिकांतील अणूंची मांडणी शोधून काढण्याची त्यांस विशेष आवड होती. १९३२ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे त्यांस लांब साखळीच्या रेणूंचे आद्य अभ्यासक स्टाउडिंगर यांचा परिचय घडला. या दोन विद्यांचा संगम पुढे फलदायी ठरला.

१९५३ साली जर्मन शास्त्रज्ञ त्सीग्लर यांनी एथिलीन वायूच्या रेणूंची साखळी साध्या दाबाखाली जोडणारा उत्प्रेरक शोधला. १९५४ च्या मार्च महिन्यात नात्ता यांनी तोच प्रॉपिलीनवर योजिला. हाती आले ते मिश्रण होते. त्यातील चिकट भाग द्रावकांनी काढून टाकताच पांढरी, स्फटिकयुक्त पूड उरली. ती सुमारे १६० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नसे.

असे का व्हावे? प्रॉपिलीनच्या रेणूस एक लहानशी शाखा असते. साखळीत या शाखा वाटेल तशा वळल्या, तर साखळ्या शेजारी शेजारी नीट बसत नाहीत. सर्व शाखा एकाच पद्धतीने लागल्या, तर साखळ्यांच्या घड्या बसून स्फटिक बनतात. टायटॅनियम क्लोराइडच्या घन कणाचा पृष्ठभाग प्रत्येक येणाऱ्या रेणूस एकाच रीतीने जागा देतो, हे नात्ता यांनी दाखविले. या सुव्यवस्थित रचनेस 'आयसोटॅक्टिक' हे नाव त्यांच्या पत्नी रोझिता यांनी सुचविले.

पृष्ठभागाचे महत्त्व येथेच संपत नाही. खडीसाखर जशी दोऱ्यावर धरते, तसे साच्यात निवणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये शंखजिऱ्याची बारीक पूड असल्यास तिच्या कणांवर स्फटिक प्रथम धरू लागतात. असंख्य ठिकाणी एकदम आरंभ झाल्याने ते लहान व दाट होतात. वस्तू लवकर घट्ट होते व तिला ताठपणाही येतो.

१९६३ साली नात्ता व त्सीग्लर यांस नोबेल पारितोषिक मिळाले. तोपर्यंत कंपवाताने नात्ता यांचे शरीर इतके जर्जर झाले होते की, स्टॉकहोम येथील समारंभात त्यांस पुत्राचे व सहकाऱ्यांचे साहाय्य घ्यावे लागले. तथापि आजार जडल्यावरही त्यांनी अनेक वर्षे संशोधन चालविले होते. २ मे १९७९ रोजी बेर्गामो येथे त्यांचे देहावसान झाले.

रेणू तेच, परंतु कोणत्या आधारावर ते जुळले, यावरून त्यांचा चिकट लगदा होतो किंवा टिकाऊ वस्तू. मुलांच्या कोवळ्या वयाविषयीही हेच खरे आहे, याचा विचार आमचे विद्यार्थी व त्यांचे पालक अवश्य करतील, अशी आम्हांस आशा वाटते.