सह्याद्रीच्या लॅव्हेंडरला ज्यांचे नाव लाभले

घरच्या बागेत लॅव्हेंडरची एखादी कुंडी असावी, अशी हौस अनेकांना असते. परंतु भूमध्य सागराकाठचे हे झुडूप कोरड्या उन्हाळ्याला सरावलेले. आपल्या पावसाळ्यात कुंडीत पाणी साचले की त्याची मुळे कुजतात. लॅव्हेंडरची एक जात मात्र मुळातच सह्याद्रीची आहे. 'लॅव्हेंड्युला गिब्सोनी' हे तिचे शास्त्रीय नाव. त्या नावातील गिब्सन म्हणजे डॉ. अलेक्झांडर गिब्सन.

गिब्सन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८०० रोजी स्कॉटलंडमधील लॉरेन्सकर्क येथे झाला. एडिंबरा येथे वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेऊन ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत शल्यचिकित्सक म्हणून हिंदुस्थानात आले. दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याच्या कामाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा खानदेशातच मोडत असे.

१८३८ मध्ये पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती उद्यानाची सूत्रे त्यांच्या हाती आली. ऑस्ट्रेलियासह अनेक देशांतील झाडे त्यांनी तेथे रुजवली. जुन्नरजवळील हिवरे येथील बागेत औषधी वनस्पतींची लागवड केली. १८३९ मध्ये जॉन ग्रॅहम यांच्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या सूचीत या लॅव्हेंडरला गिब्सन यांचे नाव देण्यात आले. दापोडीच्या बागेतील वनस्पतींची त्यांनी काढवून घेतलेली चित्रे एडिंबरा येथील शाही वनस्पती उद्यानात जतन केलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र इतिहासाला ठाऊक नाही.

१८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. डोंगर उघडे पडले की ओढे आटतात, हे त्यांनी सरकारपुढे आग्रहाने मांडले. त्याच भूमिकेतून त्यांनी डोंगरउतारावरील कुमरी शेतीलाही विरोध केला. त्या शेतीवर जगणाऱ्यांना याची झळ बसणे अटळ होते. जंगल राखायचे कोणी आणि त्यावर हक्क कोणाचा, हा वाद पुढे दीडशे वर्षे धुमसत राहिला. २००६ चा वनहक्क कायदा त्यातूनच आला. सातपुड्यातील आदिवासींना तो वाद सांगावा लागत नाही.

१८६० मध्ये ते सेवानिवृत्त झाले. पुढच्याच वर्षी डॅल्झेल यांच्यासमवेत लिहिलेला 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६ जानेवारी १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाचे लॅव्हेंडर पश्चिम घाटाबाहेर आढळत नाही. हौसेखातर ते कुंडीत आणण्यापेक्षा डोंगरउतारावरच फुलू द्यावे, यातच बागप्रेमींचे शहाणपण आहे.