वाकड्या पावलाचा डॉक्टर

कोठीच्या आमच्या वाड्यात जन्मतःच पाऊल आत वळलेला एक मुलगा होता. आईने ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून असे झाले, असे बायका दबक्या आवाजात बोलत. उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय जवळच होते. पण त्याला डॉक्टरकडे कोणी नेलेच नाही. त्याची आठवण झाली की मला डॉ. विल्यम जॉन लिटल यांचे चरित्र आठवते.

लिटल १८१० साली लंडनमध्ये जन्मले. बालपणीच्या पोलिओने त्यांचे डावे पाऊल वाकडे झाले. पुढे ते स्वतः डॉक्टर झाले. पण टाचेमागची धोंडशीर कापली तर जखम पिकेल, या भीतीने शल्यवैद्य कचरत. १८३६ मध्ये हॅनोव्हरला स्ट्रोमायर यांनी कातडीला बारीक छेद देऊन आतल्या आत ती शीर कापली आणि पाऊल सरळ झाले. ही विद्या शिकून लिटल परतले व लंडनमध्ये अशा रुग्णांसाठी त्यांनी रुग्णालय काढले. १८९४ साली ते वारले.

आज तान्ह्या मुलांची अशी पावले दर आठवड्याला प्लास्टर बदलून हळूहळू वळवतात. पुष्कळदा शेवटी तीच शीर छेदावी लागते. दोष ग्रहणाचा नाही, आईचाही नाही. पाऊल कोवळे आहे तोवर मूल दाखवावे, एवढेच.