विद्यार्थी भीमराव

थोर पुरुषांची चरित्रे आपण बहुधा शेवटाकडून वाचत असतो. पुतळा अगोदर पाहतो, माणूस मागाहून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत माझेही असेच झाले. दरवर्षी १४ एप्रिलला जळकोटात मिरवणूक निघते आणि लहानपणापासून मी तिच्यात चालत आलो. निळा कोट, हाती संविधान आणि उंचावलेले बोट एवढीच माझी त्यांच्याशी ओळख होती. त्या कोटाआड कधीकाळी एक सोळा वर्षांचा विद्यार्थी होता, हे माझ्या मनातही आले नव्हते.

ते मनात येण्यास एक निमित्त घडले. मी बारावी पास झालो तेव्हा वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी समाजमंदिरात माझा सत्कार केला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शाल, नारळ आणि बाबासाहेबांचे एक चरित्र मला देण्यात आले. जो तो उठून सांगू लागला की हा पोरगा साहेब होणार, वस्तीचे नाव काढणार. माझ्या आजोबांच्या डोळ्यांत पाणी होते. आणि पहिल्याच वर्षी माझा इंग्रजीचा विषय राहिला! त्यानंतर कित्येक दिवस मी समाजमंदिरासमोरून न जाता मागच्या बोळाने घरी जात असे. त्या दिवसांत मी ते चरित्र उघडले, आणि त्यातल्या विद्यार्थ्यापाशीच थबकलो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांचे हे चौदावे अपत्य. घराणे मूळचे कोकणातील आंबडवे गावचे. रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते आणि मुलांच्या अभ्यासाच्या बाबतीत अत्यंत कडक. निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीस व तेथून साताऱ्यास आले. साताऱ्यातच भीमाबाई वारल्या. आईविना वाढणाऱ्या या पोराचे संगोपन मीराबाई नावाच्या आत्याने केले.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. आज हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. परंतु त्या दिवशी शाळेत गेलेल्या मुलाच्या वाट्याला काय आले? बसायला घरून नेलेले गोणपाट आणि तेही इतरांपासून वेगळे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने वरून पाणी ओतले तर प्यायचे. शिपाई नसला तर तहान तशीच! पुढे याच काळात वडील दुष्काळी कामावर दुसऱ्या गावी खजिनदार असताना ही मुले सुट्टीत त्यांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली, तर न्यायला कोणीच आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच गाडीवाले मागे सरले. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान तयार झाला, पण बैल मुलांनीच हाकायचे आणि तो पायी चालणार! ती सारी रात्र मुलांना कुठेही पाणी मिळाले नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने काय म्हणून हे सोसावे? आपल्यापैकी अनेकांना त्या वयात जत्रेतल्या पाळण्यापलीकडचे काही आठवत नाही.

पुढे कुटुंब मुंबईस आले. परळच्या चाळीत एकच खोली, त्यातच स्वयंपाक, त्यातच माणसे, सरपण आणि एक बकरीसुद्धा. अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून रामजींनी युक्ती काढली. भीमाने संध्याकाळीच झोपावे, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागे राहावे, मग त्याला उठवावे आणि त्याच्या जागेवर आपण आडवे व्हावे. सारी चाळ निजलेली असताना कंदिलाच्या उजेडात हा मुलगा पहाटेपर्यंत वाचीत बसे. पुस्तकांचे वेड तर विलक्षण. हाती पैसा नसला की रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवीत आणि पुस्तक आणीत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत करीत. एका मुलाच्या शिक्षणासाठी बहिणींनी आपले अंगावरचे उतरवून द्यावे, हे वाचताना मी पुस्तक मिटले. माझ्या प्रवेशाच्या वेळी आमच्या घरात काय विकले गेले होते, ते मला आठवले.

एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी शाळा. तेथे तरी सारे बरे असेल असे वाटावे. पण एकदा शिक्षकांनी भीमाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावताच वर्गात एकच गलका उडाला. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे होते, ते बाटतील म्हणून! डबे दूर झाले आणि मगच त्याला फळ्याशी जाता आले. संस्कृत शिकण्याची त्याची फार इच्छा होती, ती नाकारली गेली. त्याला फारसी घ्यावी लागली.

अशा स्थितीत १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. अस्पृश्य समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. समाजाने सभा भरवून त्याचा सत्कार केला. समाजसुधारक सी. के. बोले अध्यक्ष होते. विल्सन हायस्कूलमधील शिक्षक व लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. बागेत एकटाच वाचीत बसणारा हा मुलगा त्यांनी अगोदरच हेरला होता. त्या सभेत बसलेल्या गिरणी कामगारांच्या, गोदी कामगारांच्या मनात काय काय आले असेल, याची कल्पना मी करू शकतो. ज्यांना स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हते, त्यांनी आपल्या साऱ्या आशा त्या सोळा वर्षांच्या पोराच्या पदरात घातल्या होत्या.

पुढचा प्रवास आपणा सर्वांस ठाऊक आहे. केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. १९१३ च्या प्रारंभी भीमराव बी. ए. झाले, बडोद्यास नोकरीस गेले, आणि २ फेब्रुवारीस रामजी गेले. रात्री दोनपर्यंत जागणारा तो बाप मुलाचे पुढचे वैभव पाहू शकला नाही. त्याच वर्षी बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम. ए. झाले. १९१७ साली परतून करारानुसार बडोद्यास रुजू झाले, तर तिथे राहायला खोली मिळेना. पारशी विश्रामगृहातून त्यांना हाकलण्यात आले आणि अमेरिकेतून शिकून आलेला हा विद्वान बागेतल्या झाडाखाली रडत बसला. नंतर लंडनला जाऊन त्यांनी १९२३ पर्यंत डी. एस्‌सी. आणि बॅरिस्टर या पदव्या मिळविल्या. इकडे परळच्या चाळीत रमाबाई ओढग्रस्तीत संसार रेटीत होत्या. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. समाजाच्या आशेची किंमत घरातल्या माणसांनी मोजली, हेही आपण विसरता कामा नये.

महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, संविधान, नागपूरची धम्मदीक्षा यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र दुसरीच एक गोष्ट मोलाची वाटते. ज्या मुलाने साऱ्या समाजाचा भार एकट्याने वाहिला, त्याने मोठेपणी तसा भार पुन्हा एकट्यावर पडू नये अशी तजवीज केली. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी या सभेने वसतिगृह उघडले ते आमच्या शेजारच्या सोलापुरात. १९४१ च्या फेब्रुवारीत ते आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग परिषदेसाठी आले होते, त्या वेळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि शिक्षणाचे नावच घेऊ नये अशी स्थिती होती. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत मराठवाड्यासाठी महाविद्यालय. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. खेड्यापाड्यांतून आलेली किती मुले तेथे शिकली! एकाच्या सत्काराची सभा भरविण्याऐवजी शंभरांच्या राहण्या-जेवण्याची सोय व्हावी, हाच त्यांचा मार्ग होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निर्वाण झाले, पण ही सोय मागे राहिली.

मित्रहो, हे ध्यानात आले तेव्हा माझ्या मनावरचे ओझे बरेच हलके झाले. वस्तीने माझ्याकडे दुसरे बाबासाहेब मागितलेच नव्हते; तसे मी आपल्या भीतीने समजून बसलो होतो. ऑक्टोबरच्या परीक्षेत राहिलेला विषय सुटला. पेढे घेऊन मी समाजमंदिराच्या समोरच्या रस्त्यानेच गेलो. आजोबा पारावर बसले होते. विषय राहिल्याचे त्यांना ठाऊक होते की नाही, ते त्यांनी आजवर कळू दिलेले नाही. पेढा तोंडात टाकीत त्यांनी एवढेच विचारले की, धाकट्या चुलत भावाला गणित जमत नाही, त्याला जरा दाखवशील का?

आता रोज संध्याकाळी समाजमंदिरात चार मुले माझ्याकडे येतात. दिवा आहे, सतरंजी आहे, पाण्याचा माठ आहे, आणि ज्याला तहान लागेल तो आपल्या हाताने पाणी घेतो.

(बी. ए. द्वितीय वर्ष)