गागोद्याचे विनोबा आणि निर्वासितांची जमीन

खोपोलीहून पेणच्या रस्त्याने निघाले, की खालापूर तालुक्याची हद्द ओलांडल्यावर गागोदे बुद्रुककडे वळता येते. कर्जत-खालापूर परिसराला हे गाव परिचित आहे ते आचार्य विनोबा भावे यांचे जन्मस्थान म्हणून. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील या खेड्यात विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. भूदानाने त्यांचे नाव जगभर पोहोचविले. मात्र त्याआधी, १९४८ साली, फाळणीच्या निर्वासितांमध्ये त्यांनी घालविलेले महिने आज फारसे कुणाच्या स्मरणात नाहीत.

वडील बडोद्यास नोकरीला असल्याने विनायकाचे पुढील शिक्षण तेथे झाले. १९१६ मध्ये परीक्षा सोडून ते काशीला गेले आणि त्याच वर्षी गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. १९२१ मध्ये वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. समाजकार्याचे रीतसर शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था मुंबईत नागपाड्याला निघाली ती १९३६ साली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. फाळणीनंतर तिचे पथक कुरुक्षेत्राच्या छावणीत सेवेसाठी गेले होते. विनोबांची पाठशाळा निराळी होती. तेथे पदवी नव्हती. सूत कातणे, दळण, सफाई आणि अध्ययन यांतूनच कार्यकर्ता घडत असे.

गांधीजींच्या हत्येनंतर मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला रचनात्मक कार्यकर्त्यांचे संमेलन भरले. पंडित नेहरूंनी तेथे निर्वासितांच्या कामासाठी साहाय्य मागितले. विनोबा निघाले. दिल्ली, पंजाब, राजस्थान अशी त्यांची भ्रमंती सुरू झाली. सरकार आणि छावणीतील माणूस यांच्यातील दुवा, असे या कामाचे स्वरूप होते. वरून आदेश सुटत. खाली ते पोहोचतच नसत, हा अनुभव त्यांना पदोपदी आला.

यातील सर्वांत अवघड काम मेवातचे. अलवर, भरतपूर या संस्थानांतून मेव मुसलमानांना हुसकावून लावण्यात आले होते. पाकिस्तानातून आलेल्या हिंदू-शीख निर्वासितांच्या दुःखाबद्दल सर्वत्र सहानुभूती होती; आपल्याच देशात बेघर झालेल्या मेवांबद्दल ती नव्हती. त्यांना पुन्हा घरे व शेते मिळवून देण्याचे काम विनोबांनी पत्करले. कुराणाचा त्यांनी मुळातून अभ्यास केला होता, त्याचा येथे निश्चितच उपयोग झाला असणार. त्याच वर्षी अजमेरच्या दर्ग्यातही ते जाऊन राहिले.

दुसरा प्रश्न मात्र सुटला नाही. पश्चिम पंजाबातून आलेल्या दलित निर्वासितांकडे (तेव्हाचा शब्द हरिजन) तिकडेही स्वतःची जमीन नव्हती. सोडून आलेल्या जमिनीच्या मोबदल्यात जमीन, हा सरकारी हिशेब असल्याने त्यांच्या वाट्याला काहीच येईना. विनोबांनी त्यांची बाजू मांडली. पंजाब सरकारने लाखो एकर जमीन देण्याचे मान्य केले. राजघाटावरील प्रार्थनासभेत तसे जाहीरही झाले. पुढे सरकारने शब्द फिरविला. रामेश्वरी नेहरू यांच्यासारख्या कार्यकर्त्या व्यथित झाल्या, सत्याग्रहाची भाषा सुरू झाली. विनोबांनी तो करू दिला नाही. हा निर्णय योग्य होता का, यावर दुमत होऊ शकते; जमीन गेली ती दलितांची, हे विसरता येत नाही.

काही महिन्यांनी ते पवनारला परतले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करण्याचा मार्ग त्यांच्या मनात आला नसेल असे नाही, पण पंजाबचा अनुभव गाठीशी होता. त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारले. रामचंद्र रेड्डी उठले आणि १०० एकर देण्याची तयारी त्यांनी दाखविली. त्या दिवसापासून विनोबांची पायपीट सुरू झाली, ती पुढे तेरा-चौदा वर्षे थांबली नाही.